दुसरं नाव

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात हंगाम संपून पट्टा पडला की दुसऱ्याच दिवसापासून वेगळी घाई सुरू व्हायची. ऊसतोड टोळ्या आपापल्या गावी निघून जायच्या, गव्हाण रिकामी व्हायची आणि हंगामभर अखंड फिरलेली यंत्रं खोलली जायची. मिलचे रोलर बाहेर काढायचे, झिजलेले दात वेल्डिंगनं भरून लेथवर घ्यायचे, बॉयलरच्या पातळ झालेल्या नळ्या बदलायच्या, इन्स्पेक्टरसमोर पाण्याच्या दाबाची चाचणी द्यायची. या सगळ्याला तिथं ओव्हरहॉलिंग म्हणतात. त्यासाठी पावसाळ्याचे महिने मिळतात, आणि त्यातला एक दिवसही मागं सरकत नाही. गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्री समिती ठरवते, आणि ठरल्या तारखेनंतर शेतातला ऊस कुणासाठी थांबत नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला तर ठीक, नाहीतर त्याचं वजन घटतं आणि त्यातली साखरही.

त्या कारखान्याच्या चीफ इंजिनिअर साहेबांकडे ओव्हरहॉलिंगला सातशे-आठशे कामांची यादी असे. पूर्वी ती एका लांबलचक वहीत असायची. वही टाइम ऑफिसात, कामं मिल हाऊसमध्ये आणि खरी माहिती फिटर लोकांच्या डोक्यात. म्हणून साहेबांनी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं कामवाटपाचं सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्डावर काम, करणाऱ्याचं नाव आणि तारीख. काम पुढं गेलं की कार्ड ‘बाकी’तून ‘चालू’त आणि ‘चालू’तून ‘झालं’मध्ये सरकवायचं. या पद्धतीचा जन्मच मुळी कारखान्यातला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कार्डांवर चालणारी कानबान पद्धत बसवली, तिचीच ही फोनच्या पडद्यावरची नात. त्यामुळं ज्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नव्हता अशा फिटरांनाही ती दोन दिवसांत उमजली. साहेब समाधानी होते.

अडलं एका जागी. कार्डावर नाव एकच टाकता येत होतं, आणि मिलमधलं कुठलंच मोठं काम एकट्याचं नसतं. क्रेनवाला रोलर काढतो, वेल्डर झिजलेली जागा भरतो, टर्नर लेथवर दात कापतो, फिटर तो परत बसवतो. कार्डावर वेल्डरचं नाव असलं तर टर्नरला ते काम दिसत नव्हतं. टर्नरचं टाकलं तर वेल्डर म्हणे, ते माझं नाही.

साहेबांनी कंपनीला लिहिलं, ‘कार्डावर दुसरं नाव टाकायची सोय करून द्या.’

उत्तर त्याच दिवशी आलं. ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. टीमकडे पाठवली आहे. लवकरच.’

साहेबांना बरं वाटलं. त्यांनी टाइम ऑफिसात सांगून ठेवलं, की यंदा कसंतरी निभावून न्या, पुढच्या वर्षी दुसरं नाव येतंय. पुढच्या वर्षी पट्टा पडला तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पडद्याची सोय आली होती. काम पूर्ण झालं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले जात होते. दुसरं नाव नव्हतं. साहेबांनी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, ‘ही मागणी अनेकांची आहे, आमच्या रोडमॅपवर आहे.’ त्याच्या पुढच्या वर्षी चिन्हाचा रंग बदलला, मेनू डावीकडून उजवीकडे गेला आणि जुन्या फिटरांना तो शोधण्यात आठवडा गेला. दुसरं नाव तेव्हाही नव्हतं.

बाजारात दुसरं सॉफ्टवेअर नव्हतं, असं नाही. संचालक मंडळातल्या एकानं तसं सुचवलंही. पण सत्तर माणसांच्या हाताची सवय मोडून नवी लावायची, सगळी जुनी कामं नव्यात भरायची, आणि तेही टिकेल याची खात्री काय? बर्लिनमधल्या एका कंपनीनं केलेली वंडरलिस्ट नावाची कामांची यादी जगभर अनेकांच्या हाताला बसली होती. मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी 2015 मध्ये विकत घेतली आणि 6 मे 2020 रोजी वंडरलिस्ट बंद केली. लोकांना आपल्या याद्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. रोजचं काम ज्यावर उभं आहे ते साधन माणूस सहजासहजी सोडत नाही. म्हणूनच त्याला वाट पाहायला लावणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. ग्राहक राहिला म्हणजे तो खूश आहे, असा हिशेब फार जण करतात आणि तो चुकतो.

तिसऱ्या वर्षी व्हायचं ते झालं. तीन नंबरच्या मिलचा वरचा रोलर वेल्डिंग होऊन शेडच्या कोपऱ्यात पडून राहिला. वेल्डरनं आपलं कार्ड ‘झालं’मध्ये सरकवलं होतं. टर्नरला ते कळलं नाही. लेथ रिकामा, रोलर तयार, आणि मधे दोन दिवस गेले. असेच दिवस आणखी चार ठिकाणी गेले. शेवटी मिल घाईघाईनं बसवावी लागली, आणि ऐन हंगामात एका रात्री ती तापून बंद पडली. सकाळी कारखान्याच्या गेटपासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. रात्रभर थंडीत ट्रॉलीखाली झोपलेली माणसं होती, आणि वर वाळत चाललेला ऊस होता.

साहेबांनी त्या दुपारी कंपनीला पत्र लिहिलं. पत्रात शिवी नव्हती, धमकी नव्हती. बंद पडलेल्या मिलची हकिगत होती आणि शेवटी दोन वाक्यं होती. ‘आमच्या हंगामाला तारीख असते. तुम्ही दिलेल्या शब्दाला तीन वर्षांत एकदाही तारीख मिळालेली नाही.’

पुण्यात ते पत्र एका तरुण मुलीच्या हाती पडलं. ती कंपनीत लागून वर्ष झालं होतं. तिच्या आजोळी ऊस होता, त्यामुळं गेटवर उभ्या ट्रॉल्या म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं पत्र कंपनी चालवणाऱ्या सरांपुढं ठेवलं.

सरांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, “चार माणसं वाढवू. दोन महिन्यांत दुसरं नाव देऊन टाकू.”

कंपनीतले सर्वांत जुने प्रोग्रामर तिथंच बसले होते. त्यांनी मान हलवली. आयबीएमच्या ओएस/360 या अवाढव्य कामाची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय, ते त्यांनी सरांना सांगितलं. रेंगाळलेल्या कामात नवी माणसं घातली तर ते काम आणखी रेंगाळतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे दिवस जातात, आणि जितकी माणसं जास्त तितकं एकमेकांना विचारणं-सांगणं वाढतं.

“मग सगळं नव्यानंच लिहू,” सर म्हणाले.

“नेटस्केपनं 1998 मध्ये आपल्या ब्राउझरचं तेच केलं होतं,” जुने प्रोग्रामर म्हणाले. “मुळापासून लिहायला घेतलं. नेटस्केप 6 लोकांच्या हातात पडलं 2000च्या नोव्हेंबरात. तोवर बहुतेक लोक इंटरनेट एक्सप्लोररकडे गेले होते.”

मग त्यांनी त्या मुलीला फळ्यापाशी नेऊन अडचण कुठं आहे ते दाखवलं. काळा पडदा किंवा रंगीत कागद एका कोपऱ्यात बसतात, बाकी कशालाही त्यांचा धक्का लागत नाही. दुसरं नाव तसं नाही. कामाच्या तक्त्यात करणाऱ्याच्या नावाला पहिल्या दिवसापासून एकच रकाना आहे, आणि त्या एका रकान्यावर सगळं उभं आहे. आठवणीचा निरोप कुणाला जायचा, कुणी किती कामं केली याचा महिन्याचा अहवाल, जुन्या फोनवरची जुनी आवृत्ती, इतर ग्राहकांनी आपल्या पगारपत्रकाला जोडलेले धागे, हे सगळं. शिवाय दोन नावं झाली तर काम कधी झालं म्हणायचं? एकानं सांगितल्यावर, की दोघांनी? आसना या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही एका कामाला एकच जबाबदार माणूस नेमता येतो. तो नियम त्यांनी ठरवून ठेवला आहे.

“म्हणजे हे आपल्याला जमणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?” मुलीनं विचारलं.

“दोन वर्षांपासून,” ते म्हणाले. “पण नाही म्हटलं तर ग्राहक जाईल, असं वरून सांगण्यात आलं होतं.”

ती मुलगी आषाढात कारखान्यावर आली. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता. गॅस कटरच्या ठिणग्या, ग्राइंडरचा आवाज, ग्रीसचा वास. साहेबांनी तिला एका जुन्या फिटरच्या हवाली केलं. त्यांना सगळे आबा म्हणत. निवृत्तीला आलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि तीन नंबरची मिल खोलण्या-बसवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नाही.

पहिले दोन दिवस ती काहीच बोलली नाही. एका रोलरच्या मागं मागं फिरली. क्रेनपाशी उभी राहिली, वेल्डरशेजारी बसली, लेथवर दात कापताना बघितलं. प्रत्येक माणसाचं काम संपलं की तो पुढं काय करतो, ते तिनं वहीत टिपलं. वेल्डरचं काम संपलं की तो हात पुसून चहाला जात होता. टर्नरला सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. आठवण झाली तर तो ओरडून सांगायचा, आणि ग्राइंडर चालू असला तर ते ऐकू जायचं नाही. मिलच्या अंधाऱ्या पिटात उतरलं की फोनला रेंज येत नाही, हेही तिनं टिपून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “आबा, कार्डावर दुसरं नाव मिळालं तर तुम्ही त्याचं काय करणार?”

आबा म्हणाले, “काय करणार म्हंजे? वेल्डरचं झालं की टर्नरला कळंल.”

“दोघांचीही नावं पहिल्यापासून कार्डावर असतील. मग झालं हे टर्नरला कसं कळणार?”

आबा थांबले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला आणि बराच वेळ लेथकडे बघत राहिले. “ते बी खरं हाय,” ते म्हणाले. “दोन घरचा पाहुणा उपाशी. दोन नावं टाकली तर मीच म्हणीन, दुसरा बघंल.” मग त्यांनी आपणहून सांगितलं, “आमाला दुसरं नाव नको, पोरी. आपली पाळी कवा आली, ते कळाय पायजे.”

हे तीन वर्षांत एकदाही कुणी विचारलं नव्हतं. कारखान्यानं जे हवं ते लिहून पाठवलं, कंपनीनं ते यादीत चढवलं, आणि अडचण काय आहे हे दोघांच्या मधे कुठंतरी राहून गेलं. ज्याला दुखतं त्यानं दुखणं सांगावं आणि औषध वैद्यावर सोडावं, हे खरं. पण मग वैद्यानं उठून रोग्याच्या उशाशी यायला हवं.

संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये सगळे बसले. मुलीनं आडपडदा ठेवला नाही. “साहेब, दुसरं नाव येणार नाही. या हंगामाला नाही आणि पुढच्याही नाही. आमच्या सॉफ्टवेअरचा पायाच तसा नाही. हे आम्हाला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं.”

साहेब रागानं लाल झाले. पण बोलले आबा.

“मग तवाच सांगायचं हुतं की. नाही म्हणला असता तर आमी त्याच दिवशी दुसरी वाट केली असती. फळा टांगला असता, निरोपाला एक पोरगं ठेवलं असतं. तुमी ‘हुतंय, हुतंय’ म्हणला, म्हणून आमी काहीच केलं नाही. उशीर माणूस सोसतो, पोरी. पावसाचा सोसतो, उसाच्या बिलाचा सोसतो. आशेला लावून ठिवल्यालं सोसत नाही.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. बोधकथेत बोध सांगायचाच असेल तर तो आबांनी सांगितला, आणि मला त्यात एक शब्दही घालायचा नाही. एवढंच म्हणेन, की संथपणे सुधारणाऱ्या साधनावर लोक चिडतात तेव्हा त्यांचा राग संथपणावर असतो असं धरून चालू नये. शेतकरी, फिटर, दवाखान्यातली परिचारिका, शाळेतला लेखनिक, सगळेच मंद गतीच्या व्यवस्थांमध्ये वाढलेले असतात आणि त्यांना गतीचं गणित चांगलं कळतं. मधल्या काळात आपण आपली सोय करायची की नको, हेच त्यांना कुणी सांगत नाही. खोट्या होकारानं त्यांच्या हातून त्यांची स्वतःची युक्तीही जाते, आणि हा तोटा कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

मुलगी पुण्याला परतली आणि पाच आठवड्यांत एक छोटी गोष्ट तयार झाली. तिचं नाव ‘पुढची पाळी’. कार्डावर करणारा एकच. पण खाली लिहायचं, की हे झालं की पुढं कुणाचं. वेल्डरनं कार्ड सरकवलं की टर्नरच्या फोनवर त्याचं स्वतःचं नवं कार्ड उघडतं आणि फोन वाजतो. टर्नरचं झालं की आबांचा वाजतो. तक्त्यातला रकाना एकच राहिला, अहवाल जसेच्या तसे राहिले, जुन्या फोनवरही ते चाललं. जुन्या प्रोग्रामरनी एकदाच तपासलं आणि एक चूक दुरुस्त करून दिली. त्या वर्षी तीन नंबरची मिल दसऱ्याच्या आठ दिवस आधी बसली.

पण कंपनीत याहून मोठा बदल झाला तो उत्तरांमध्ये. मुलीनं सरांपुढं हट्ट धरला, की ‘लवकरच’ हे उत्तर यापुढं कुणालाही जाणार नाही. उत्तरं तीनच. करणार, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. करणार नाही, आणि का. अजून ठरलेलं नाही, आणि कधी ठरेल. खाली उत्तर देणाऱ्याचं नाव. सर तयार व्हायला वेळ लागला, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. जुन्या मागण्या चाळून उत्तरं पाठवली तेव्हा निम्म्याहून अधिक ‘करणार नाही’ निघाली. काही ग्राहक त्याच आठवड्यात सोडून गेले. त्यांतल्या एकाचं कंत्राट मोठं होतं आणि ते गेल्याचं कंपनीला वर्षभर जाणवलं. हे नुकसान मी कमी करून सांगणार नाही. सरांनी ते सोसलं. ते लोक खरं तर त्याआधीच मनानं गेले होते, असं सर पुढं म्हणाले, आणि मला ते पटतं.

कारखान्यानंही आपली रीत बदलली. साहेबांनी टाइम ऑफिसात सांगितलं, की कंपनीला लिहिताना काय हवं ते लिहू नका. काय अडलं, कुठं अडलं, किती वेळ गेला, एवढंच लिहा. जुन्या आठ मागण्या त्यांनी स्वतः बसून तपासल्या आणि त्यांतल्या तीन आपल्याच हातानं खोडल्या, कारण लिहायला बसल्यावर त्यांत अडलं असं काही सापडेना.

पुढच्या पट्ट्यानंतर आबांनी टाइमकीपरला एक अडचण लिहायला सांगितली. मिलच्या पिटात रेंज नसते, त्यामुळं काम झाल्यावर वर येईपर्यंत कार्ड सरकत नाही, आणि कधी कधी ते विसरतं. उत्तर दोन दिवसांत आलं. साहेबांनी ते शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘करणार नाही. रेंज नसताना कार्ड सरकवू दिलं, तर एकच कार्ड दोघांनी दोन ठिकाणी सरकवल्यावर खरं कोणाचं धरायचं, हे ठरवणारी व्यवस्था उभारावी लागेल. आमच्या एवढ्याशा टीमला तिला दोन वर्षं लागतील आणि तेवढा वेळ आम्ही देऊ शकत नाही. कळावे.’ खाली त्या मुलीचं नाव होतं.

आबांनी इलेक्ट्रिशियनकडे वळून विचारलं, “टाइम ऑफिसापासनं इथवर केबल ओढायला किती दिवस लागतील?”

“पत्र्याच्या कडेनं नेली तर दोन,” तो म्हणाला.

साहेबांनी स्टोअरच्या चिठ्ठीवर सही केली. गुरुवारी पिटाच्या तोंडाशी वायफायचा डबा बसला, आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीत खाली उतरलेल्या फिटरांनी कार्डं तिथूनच सरकवली.